जुन्या संगणकाचं घड्याळ: आधी बॅटरी काढा, बाकीचं नंतर

परभणीच्या जिनिंगमधला वजनकाट्याचा असो, लातूरच्या डीटीपीवाल्याचा असो, की कॉलेजच्या लॅबमधून निर्लेखनात निघालेला. तीस वर्षांपूर्वीचा ३८६ किंवा ४८६ (ही प्रोसेसरची नावं) संगणक माळ्यावरून उतरवून चालू केला की पडद्यावर बहुधा ‘सीमॉस चेकसम एरर’ येतं, म्हणजे जुळवणी साठवणाऱ्या छोट्या स्मृतीतला मजकूर बिघडलाय, आणि तारीख दिसते १ जानेवारी १९८०. डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं पंचांगच त्या दिवसापासून सुरू होतं. हार्ड डिस्क सापडत नाही, म्हणून मशीन गेलं असं समजून लोक भंगारात देतात. मशीन गेलेलं नसतं, फक्त विसरलेलं असतं.

आयबीएमने १९८४ मध्ये पीसी एटी काढला, त्यात मोटोरोलाची एमसी१४६८१८ ही चिप होती. तिची स्मृती अवघी ६४ बाइट. त्यातले १४ बाइट घड्याळाचे, उरलेल्या ५० मध्ये मशीनची जुळवणी: फ्लॉपी कोणती, मेमरी किती, हार्ड डिस्क कुठल्या प्रकारची. चिपला ३२,७६८ हर्ट्झचा क्रिस्टल लागतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. वीज बंद असताना हे सगळं चालतं बॅटरीवर. ती उतरली की घड्याळाबरोबर जुळवणीही जाते, आणि डिस्क ठणठणीत असूनही मशीनला ती ओळखता येत नाही.

म्हणून झाकण उघडल्यावर पहिलं काम डिस्कवरचं लेबल वाचून वहीत उतरवण्याचं. सिलिंडर, हेड आणि सेक्टर हे तीन आकडे हवेत. उदाहरणार्थ ९७७, ५ आणि १७. यांचा गुणाकार करून ५१२ ने गुणलं की सुमारे ४ कोटी २५ लाख बाइट येतात, म्हणजे त्या काळची ‘४० एमबी’. हेच आकडे पुढे सेटअपमध्ये (मशीन सुरू होताना उघडणारा जुळवणीचा पडदा) ‘टाइप ४७’, म्हणजे आकडे स्वतः भरायचा प्रकार, निवडून भरायचे असतात. लेबल फाटलं असेल तर आधी मॉडेल नंबर टिपून घ्या.

उघडण्यापूर्वी वायर भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. एटी कॅबिनेटमध्ये पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट आलेले असतात. कार्डं कुठल्या खाचेत होती त्याचा मोबाइलवर फोटो काढून ती उतरवा. डीटीपीच्या मशीनमध्ये सी-डॅकचं जिस्ट कार्ड सापडलं तर ते जपून ठेवा. डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसायची ती त्याच्याच जिवावर.

आता बॅटरी कुठली आहे ते पाहा. नाण्याएवढी चपटी सीआर२०३२ खोबणीत बसवलेली असेल तर पाच मिनिटांचं काम आहे: नखाने उचलायची, नवी बसवायची, अधिकची बाजू वर. पण मुख्य सर्किट बोर्डावर, बरेचदा कीबोर्डच्या सॉकेटजवळ, निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली बोटाच्या पेराएवढी नळी डाखलेली दिसली, तर तीच खरी वैरीण. ही ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम, म्हणजे १.२ व्होल्टचे तीन सेल एकावर एक. क्षमता साधारण ६० मिलिअँपतास. संगणक चालू असताना ती चार्ज होते, बंद असताना हळूहळू उतरते. पत्र्याच्या छताखाली मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की आपोआप उतरण्याचा वेग आणखी वाढतो. तिन्ही सेल सारखे उतरत नाहीत. सगळ्यात कमजोर सेल आधी रिता होतो, बाकीचे दोन त्याच्यातून उलटा प्रवाह ढकलतात, आत वायू साठतो आणि सील सैल होतं. मग आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड पाझरतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून त्याची पांढरी बुरशी दिसते, आणि तांबं खाल्लं गेलं की हिरवी. मेलेली बॅटरी निरुपद्रवी असते, पाझरलेली बोर्ड खाते. त्यामुळे मशीन आज दुरुस्त करायचं नसलं तरी ही नळी आजच काढून टाकावी.

काढताना हातमोजे आणि मास्क हवेत. कॅडमियम विषारी आहे, म्हणून भुकटी फुंकरीने उडवू नका, ओल्या कापसाने टिपा. पाय कटरने तोडा, मग २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने उरलेले तुकडे काढा. अधिकचं टोक कुठलं होतं ते आधीच टिपून ठेवा. काढलेली नळी घंटागाडीत न टाकता ई-कचऱ्यात द्यावी.

पाझर अल्कलीचा असतो, त्यामुळे उतारा आम्लाचा. स्वयंपाकातलं पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीने लावा, फसफस थांबेपर्यंत. लिंबू वापरू नका, त्यातली साखर चिकटून राहते. नंतर मऊ टूथब्रशने डिस्टिल्ड वॉटरने धुवा. इन्व्हर्टरसाठी मिळतं तेच चालतं. बोअरचं पाणी मात्र मुळीच नको, आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार चिपच्या पायांखाली बसतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ‘आयपीए’ म्हटलं की मिळतं. पूर्ण वाळल्याशिवाय वीज देऊ नका.

आता मल्टीमीटर. बोर्डावरचं हिरवं लॅकर जिथे काळं पडलंय किंवा फुगलंय तिथे ते हलकेच खरवडून ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, तुटलाय का ते तपासा. ‘कीबोर्ड एरर’ येत असेल तर बहुधा सॉकेट आणि कीबोर्डची चिप यांच्यामधला ट्रॅक तुटलेला असतो. सांधायला पंखे रिवाइंड करणाऱ्याकडची ३६ गेजची तार उत्तम, जाडी ०.२ मिलिमीटरहून जराशी कमी. टोकाचं एनॅमल मात्र खरवडायला विसरू नका, नाहीतर झाळ दिसतो चांगला पण जोड लागलेला नसतो.

नवी बॅटरी तीच निकेलवाली डाखता येते, पण काही वर्षांनी पुन्हा हाच खेळ. लिथियमचं नाणं बसवणं बरं, पण एका अटीवर: ते चार्ज होता कामा नये. बॅटरीच्या रिकाम्या जागी मशीन चालू करून मोजा. चार-पाच व्होल्ट दिसले तर तिथे चार्जिंग येतंय. अशा ठिकाणी थेट लिथियम लावलं तर सेल तापतो, फुटूही शकतो. म्हणून अधिकच्या वायरमध्ये १एन४१४८ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) घाला, काळ्या पट्टीचं टोक बोर्डाकडे. खोबणी बोर्डावर न चिकटवता वायरीने लांब, कॅबिनेटच्या भिंतीला लावा.

सीआर२०३२ मध्ये सुमारे २२० मिलिअँपतास असतात. चिप ५ मायक्रोअँप खात असेल तर ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षं. अडचण वेगळीच येते: डायोडमध्ये थोडे व्होल्ट गळतात, आणि बोर्डावर आधीच एक डायोड असेल तर उरलेले व्होल्ट चिपला पुरत नाहीत. तारीख रोज सकाळी हरवत असेल तर हेच कारण समजा. उपाय म्हणजे पेन्सिल सेल, तीन, एकूण ४.५ व्होल्ट. पुष्कळ बोर्डांवर त्यासाठी बाहेरच्या बॅटरीची चार पिनांची जागा असते. तिच्याजवळचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, हिचीही जागा बदलावी लागते. तिथेही डायोड आहे की नाही हे आधी मोजून पाहा.

काही ४८६ बोर्डांवर बॅटरी दिसतच नाही. तिथे डॅलस या चिप कंपनीचा डीएस१२८७ हा काळा ठोकळा असतो, बॅटरी आणि क्रिस्टल त्याच्या पोटात. बाजूने एपॉक्सी कानशीने घासून पिन २० आणि १६ उघड्या करायच्या. २० अधिक, १६ उणे. आतल्या मेलेल्या सेलचा जोड तोडून बाहेरून ३ व्होल्ट द्यायचे. जरा जास्त घासलं की ठोकळा कामातून जातो, म्हणून नवखा हात असेल तर तयार बदली ठोकळा घेतलेला बरा.

तारीख भरताना जुन्या बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) २०२६ साल समजलं नाही तर १९९८ टाका. २८ वर्षांनी वार आणि तारखा तंतोतंत जुळतात, त्यामुळे सोमवार सोमवारीच येतो. पुढे उन्हाळ्यात घड्याळ थोडं मागे पडलं तर लगेच बॅटरीला दोष देऊ नका. हा क्रिस्टल २५ अंशांना सर्वांत नेमका चालतो. ४५ अंशांना दिवसाला सव्वा सेकंदाच्या आसपास, महिन्याला पस्तीसेक सेकंद मागे पडतो.