आपली लायब्ररी: स्टिकरच्या डब्यापासून किकॅडपर्यंत

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं कंट्रोल कार्डांचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डांचं, छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या फडताळात काकांचा पत्र्याचा डबा अजून जपून ठेवलाय. त्यात काळ्या स्टिकरचे गोल पॅड (पार्टचा पाय बोर्डावर जिथे सोल्डर होतो ते ठिपके) आहेत, आठ, चौदा, सोळा पायांच्या आयसींचे (चिपांचे) तयार नमुने आहेत आणि बारीक-जाड काळ्या टेपची रिळं आहेत. काका खालून दिवा लावलेल्या काचेवर पारदर्शक फिल्म अंथरून हे पॅड चिकटवत. बोर्डाचा आराखडा असा दुप्पट आकारात करायचा आणि मग कॅमेऱ्याने निम्मा करून घ्यायचा. आयसीच्या दोन पायांत ०.१ इंच अंतर असतं, ते फिल्मवर ०.२ इंच व्हायचं.

आयसीचे स्टिकर विकत मिळत. रिले आणि ट्रान्सफॉर्मरचं तसं नव्हतं. मग काका व्हर्नियरने पाय मोजून पुठ्ठ्याचा साचा कापत आणि त्यावर पार्टचं नाव आणि तारीख लिहीत. असे साचे म्हणजेच त्यांची स्वतःची लायब्ररी, पार्टांच्या मापांचा संग्रह. बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर आलं ते या कामानंतर, आणि त्याने हेच काम पुढे चालवलं.

१९८० च्या दशकात पर्सनल कॉम्प्युटर आल्यावर टेप-स्टिकर मागे पडले. १९८५ मध्ये टास्मानियात निक मार्टिन यांनी अशा सॉफ्टवेअरची प्रोटेल ही कंपनी सुरू केली, ती २००१ पासून अल्टियम या नावाने ओळखली जाते. १९८८ मध्ये जर्मनीच्या कॅडसॉफ्ट कंपनीने ईगल हे सॉफ्टवेअर आणलं. १९९२ मध्ये फ्रान्सच्या ग्रनोबल शहरातले ज्यां-पिएर शरास यांनी किकॅड या सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं. प्रत्येकाने सोबत तयार पार्टची लायब्ररी दिली, आणि प्रत्येकाची मांडणी वेगळी होती. ईगलच्या एकाच फाइलमध्ये सर्किटमधलं चिन्ह, बोर्डावरचं पॅकेज (पार्टच्या पॅडांची मांडणी) आणि त्या दोघांना जोडणारं डिव्हाइस असे तिन्ही एकत्र असतात. किकॅडमध्ये चिन्हं एका लायब्ररीत आणि फुटप्रिंट, म्हणजे तीच पॅडांची मांडणी, दुसऱ्या लायब्ररीत. शिकणाऱ्याला ईगलची पद्धत सोपी वाटते. मला मात्र किकॅडची पटते, कारण तोच रेझिस्टर मोठ्या-छोट्या कुठल्याही आकारात वापरायचा तर चिन्ह पुन्हा काढावं लागत नाही.

तयार लायब्ररी असताना स्वतःची कशाला, हा प्रश्न मलाही पडायचा. त्याचं उत्तर मला वायर जोडायच्या एका बारा पायांच्या टर्मिनलने दिलं. सोबत आलेल्या लायब्ररीतला फुटप्रिंट मी न तपासता घेतला. त्यात दोन पायांतलं अंतर ५.०८ मिमी होतं आणि बाजारातून आणलेला माल ५.०० चा निघाला. फरक फक्त ०.०८ मिमी, पण बारा पायांत अकरा अंतरं, म्हणजे शेवटच्या पायापर्यंत ०.८८ मिमी. टर्मिनल बोर्डात उतरेचना. पन्नास बोर्ड हातात घेऊन बसलो होतो, तेव्हा काकांच्या पुठ्ठ्यावरची तारीख कशासाठी होती ते कळलं: पार्ट स्वतः मोजल्याची ती खूण होती. ५.०८ म्हणजे ०.२ इंच. इंचातल्या जुन्या मापांचा आणि मिलिमीटरमधल्या नव्या मापांचा हा गुंता पार्टांच्या बाजारात अजून सुटलेला नाही.

पृष्ठभागावर बसणाऱ्या बारीक पार्टांसाठी आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संघटनेने १९८७ मध्ये पॅडच्या मापांचं एक मानक काढलं आणि २००५ मध्ये त्याच्या जागी आयपीसी-७३५१ हे मानक आलं. त्यात पॅड ऐसपैस, मध्यम की घट्ट ठेवायचा, असे तीन पर्याय दिले. त्याने बरीच शिस्त आली. तरी पार्ट कुणाचा आणि सोल्डरिंग हाताने की भट्टीत, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

दुसरी अडचण आवृत्त्यांची. सोबत आलेल्या लायब्ररीत केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअर अपडेट करताना मागे राहते किंवा पुसली जाते. जुन्या किकॅडमध्ये तर लायब्ररी बदलली की जुन्या प्रोजेक्टमधली चिन्हं शोधून वाचवावी लागत. २०२१ च्या डिसेंबरात आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून वापरलेलं चिन्ह सर्किटच्या फाइलमध्येच साठवलं जातं, तेव्हा ती काळजी मिटली. ईगल २०१६ मध्ये ऑटोडेस्ककडे गेलं, आणि ते बंद करण्यासाठी ऑटोडेस्कने ७ जून २०२६ ही तारीख जाहीर केली. वर्षानुवर्षं त्यात लायब्ररी जमवलेल्यांना ती दुसरीकडे हलवणं भाग पडलं.

म्हणून आमच्या लायब्ररीचं फोल्डर आता सॉफ्टवेअरच्या फोल्डरबाहेर वेगळं आहे, त्याचा रोज बॅकअप होतो आणि किकॅडच्या ग्लोबल (सगळ्या प्रोजेक्टना लागू होणाऱ्या) यादीत त्याचा पत्ता एकदाच नोंदवलाय. टर्मिनलच्या नावातच ५.०० किंवा ५.०८ लिहिलेलं असतं. नवा फुटप्रिंट काढला की तो कागदावर मूळ मापात छापायचा, प्रिंटरने माप बदललं नाही ना हे पट्टीने पाहायचं आणि खरा पार्ट त्यावर टोचून बघायचा. सगळे पाय बरोबर गेले, तर त्याच्या माहितीत तपासल्याची तारीख भरायची. तो भोकं पडलेला कागद मी काकांच्या डब्यातच ठेवतो.