आयबीटी म्हणजे छोटं आयटीआय नव्हे

दहावीचा निकाल लागला की आमच्या लातूर-बीडकडं हे ऐकू येतंच, "पोरगं शाळेत तीन वर्षं आयबीटी शिकलंय, वेल्डिंग बी येतंय, मग आता परत आयटीआय कशाला?" नावं सारखी, खाकी ॲप्रन सारखा, म्हणून गोंधळ होतो, पण दोन्हीचं काम पार वेगळं आहे.

आयबीटी म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख, आठवी ते दहावी, आठवड्यातनं एक दिवस. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मधे विज्ञान आश्रम काढला, तिथल्या कामातनं हे शाळांत आलं. यात कारखान्यातलं काम आहे, वीज आहे, शेती-पशुपालन आहे, घर-आरोग्य बी आहे. एका आठवड्यात स्विचबोर्ड भरायचा, पुढं मातीचं सॅम्पल तपासायचं, मग रक्तगट, अन एखाद्या दिवशी टेप घेऊन गोठ्यात जायचं, गाईच्या छातीचा घेर अन अंगाची लांबी मापायची अन त्यावरनं वजनाचा अंदाज काढायचा. गणिताच्या तासाला ज्याला सूत्र म्हटलं की झोप येती तेच पोरगं इथं टेप सोडत नाही, मला तर आयबीटीचा सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो. अमेरिकेतल्या शाळांत जनरल शॉपचे वर्ग असायचे, एकाच खोलीत लाकूड, पत्रा, वीज, ड्रॉइंग सगळं थोडं थोडं, त्याच जातीचं हे, हात वळवायचा अन आपल्याला काय जमतंय ते बघायचं.

आयटीआयला एकच ट्रेड. फिटर घेतला तर दहावी पास लागतं अन दोन वर्षं. सुरवातीला कित्येक दिवस वाइसच्या शिकंज्यात एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा तुकडा धरून कानस मारत बसायचं, बाजू सपाट झाली वाटती, काटकोन बघायचा गुण्या लावून उजेडाकडं धरलं की फट दिसती, परत कानस. लई कंटाळवाणं आहे हे, पण हात बसतो तो असाच. शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, त्यावर वाळूजसारख्या एमआयडीसीत अप्रेंटिसशिप करता येती, स्टायपेंड बी मिळतो. आयबीटीच्या मार्कशीटवर कुणी फिटर म्हणून घेत नाही, अन ते त्यासाठी नाहीच.

म्हणून "आयबीटी करून नोकरी कुठं लागली" हे शाळेला विचारूच नका. पोराला विचारा की तीन वर्षांत कुठल्या कामात रमलास, अन आयटीआयच्या फॉर्मवर ट्रेडची पसंती त्यावरनं भरा, शेजारच्याचं पोरगं इलेक्ट्रिशियनला गेलं म्हणून नाही.