बंद रेल्वेमार्गांचे स्वयंसेवी पुनरुज्जीवन

वाहतूक थांबल्यामुळे ओस पडलेला, झाडोऱ्यात बुजलेला किंवा रूळ उखडून नेलेला रेल्वेमार्गाचा तुकडा हौशी कार्यकर्त्यांनी श्रमदानाने पुन्हा गाडी धावण्याजोगा करण्याचा उपक्रम. राबणाऱ्यांना वेतन नसते. जमीन, परवाने, विमा आणि पैसा सांभाळण्यासाठी मात्र नोंदणीकृत संस्था किंवा न्यास लागतोच. मोठ्या मार्गांवर पगारी कर्मचारी व ठेकेदारही जोडीला असतात. जुने इंजिन दुरुस्त करून संग्रहालयात मांडणे हा निराळा उद्योग. इंजिनाभोवती माणसे आपोआप जमतात, रुळांखालून पाणी जाण्याच्या मोरीतला गाळ उपसायला ती शोधावी लागतात. आणि मार्ग तगणार की नाही, हे बहुधा या दुसऱ्या कामावर ठरते.

या चळवळीचा आरंभ वेल्समधील टॅलिलिन रेल्वेपासून मानतात. पाटीच्या दगडाच्या खाणीतला माल किनाऱ्याकडे आणण्यासाठी १८६५ च्या सुमारास बांधलेला, सुमारे ११.५ किमी. लांबीचा हा नॅरोगेज (दोन रुळांमधले अंतर म्हणजे गेज कमी असलेला) मार्ग. १९४६ च्या अखेरीस खाण कोसळून बंद पडली. मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी पदरमोड करून गाडी चालू ठेवली, पण १९५० मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लेखक व अभियंते एल. टी. सी. रोल्ट यांच्या पुढाकाराने बर्मिंगहॅम येथे सभा भरली, संस्था स्थापन झाली आणि १४ मे १९५१ रोजी संस्थेची पहिली गाडी सुटली. स्वयंसेवकांनी ताब्यात घेऊन चालवलेला हा जगातील पहिला रेल्वेमार्ग. काटेकोरपणे पाहिल्यास तो पूर्णपणे बंद कधी पडलाच नव्हता. पण स्लीपर (रुळांखालचे आडवे ओंडके) इतके कुजले होते, की बऱ्याच ठिकाणी रूळ जागेवर धरून ठेवण्याचे काम गवताची मुळेच करत होती.

शेजारचा फेस्टिनिऑग मार्ग मात्र १९४६ मध्ये खरोखरच बंद झाला होता. तो १९५५ पासून तुकड्या-तुकड्याने उघडत गेला. १९६० मध्ये इंग्लंडमधील मिडल्टन आणि ब्लूबेल हे मार्ग स्वयंसेवकांनी सुरू केले, तेव्हा स्टँडर्ड गेजची, म्हणजे तिथल्या नेहमीच्या रुंद मार्गावरची, गाडीही हौशी माणसे चालवू शकतात हे दिसून आले. रेल्वेच्या फेररचनेविषयीच्या १९६३ च्या बीचिंग अहवालाने ब्रिटनमधील सुमारे ८,००० किमी. मार्ग बंद करण्याची शिफारस केली, आणि अशा संस्थांना निवडायला मार्गांची कमतरता उरली नाही. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नजवळचा पफिंग बिली हा ७६२ मिमी. गेजचा मार्ग १९५३ मध्ये दरड कोसळल्याने बंद झाला होता. दरडीला वळसा घालून त्यावर १९६२ मध्ये पुन्हा गाडी आली, परंतु गेम्ब्रुक या शेवटच्या स्थानकापर्यंत पोचायला १९९८ उजाडले.

काम किती अवघड जाणार, हे पहिल्याच पाहणीत एका प्रश्नावर ठरते: रूळ जागेवर आहेत की नाहीत? मार्ग बंद झाला की रूळ भंगारात विकले जातात, हा जगभरचा रिवाज. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचा ईस्ट ब्रॉड टॉप मार्ग त्याला ठळक अपवाद ठरला. कोळसा वाहणारा हा सुमारे ५३ किमी.चा नॅरोगेज मार्ग १९५६ मध्ये बंद झाला आणि भंगाराच्याच धंद्यातल्या मालकाने तो घेतला. पण मोडला नाही. १९६० पासून थोड्या भागावर पर्यटकांची गाडी धावू लागली, बाकी ठिकाणी रुळांच्या मधोमध झाडे वाढत राहिली. २०२० मध्ये एका ना-नफा प्रतिष्ठानाने तो विकत घेतल्यावर दुरुस्तीला वेग आला, तरी मार्गाच्या चाहत्यांच्या मित्रमंडळाचे स्वयंसेवक त्याआधी कित्येक वर्षे तिथे खपत होते. याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतल्याच मेन राज्यातले. विस्कॅसेट, वॉटरव्हिल अँड फार्मिंग्टन हा दोन फुटी गेजचा मार्ग १९३३ मध्ये थांबला आणि त्याचे रूळ निघून गेले. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या संग्रहालय संस्थेला उरलेल्या भरावावर नव्याने स्लीपर टाकून रूळ अंथरत पुढे सरकावे लागले.

रूळ शाबूत असले म्हणजे अर्धे काम झाले, असा नवख्यांचा समज असतो. प्रत्यक्षात पोलादी रूळ पन्नास वर्षे उघड्यावर पडले तरी बहुधा वापरता येतात. बिघडते ते त्यांच्या खालचे सगळे. म्हणून कामाची सुरुवात पाण्यापासून होते. बाजूचे चर बुजलेले असतात, मोऱ्या गाळाने आणि मुळांनी तुंबलेल्या असतात, त्यामुळे पाणी भरावात मुरते. असा भराव गाडीच्या वजनाखाली खचतो आणि खालची माती चिखल होऊन खडीतून वर येते. चर मोकळे न करता वर नवे स्लीपर टाकणे म्हणजे पैसा आणि श्रम मातीत घालणे. झाडतोड छायाचित्रांत उठून दिसते, पण त्या मानाने सोपी. बुंधा कापल्यावर मुळांतून पुन्हा फूट येते, हा खरा ताप. स्लीपरखाली शिरलेली जाड मुळे रूळ वर उचलतात, ती खणूनच काढावी लागतात.

त्यानंतर स्लीपर. लाकडी स्लीपर वरून धड दिसतो आणि आतून पोकळ असतो. हातोडा मारला की बद्द आवाजावरून कळते. सगळे एकदम बदलणे कोणत्याच संस्थेला परवडत नाही, त्यामुळे किती वाईट स्लीपर चालतील हा हिशेब करावा लागतो. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार सर्वांत खालच्या श्रेणीच्या सरळ मार्गावर ३९ फूट (सुमारे ११.९ मी.) लांबीत किमान पाच निर्दोष स्लीपर लागतात, एरवी तेवढ्या अंतरात ते वीसच्या वर असतात. तिथे प्रवासी गाडीला ताशी १५ मैलांची (सुमारे २४ किमी.) मर्यादा असते. नव्याने उठवलेल्या मार्गाला तेवढा वेग पुरतो, त्यामुळे अनेक संस्था आधी ही पातळी गाठतात आणि उरलेले स्लीपर दरवर्षी थोडे थोडे बदलतात.

एक स्लीपर बदलायचा तर आधी खिळे उपटायचे, दोन्ही बाजूंची खडी उकरायची, जॅकने रूळ जरासा उचलायचा, कुजका स्लीपर आडवा ओढून काढायचा, नवा सरकवायचा, गेज तपासून खिळे ठोकायचे आणि पहारीने खडी खाली घट्ट दाबायची. स्टँडर्ड गेजच्या ओक स्लीपरचे वजन ९० किग्रॅ.च्या आसपास भरते. ३० किग्रॅ. प्रति मीटर वजनाच्या हलक्या रुळाचा ३९ फुटी तुकडासुद्धा साडेतीनशे किग्रॅ.चा असतो. तो चिमट्यांनी उचलताना सगळ्यांची पावले एका माणसाच्या हाकेवर पडावी लागतात, नाहीतर बोटे जातात. सांध्यावर दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे (फिशप्लेटचे) बोल्ट गंजून एकजीव झाले असतील तर ते कापावे लागतात. नवे बसवताना रूळ उन्हाने वाढतो, हे धरून फट ठेवतात. पूल, बोगदे आणि आधारभिंती ही कामे मात्र हौशी माणसांनी आपल्या अंदाजाने करायची नसतात; तिथे पात्र अभियंत्याची तपासणी लागते आणि निधीही बहुतेक तिथेच संपतो.

श्रमदानाची मजल कुठवर जाऊ शकते, याचे सर्वांत धाडसी उदाहरण पुन्हा फेस्टिनिऑगचेच. वरचा टप्पा अजून बंद असतानाच वीज मंडळाने जलविद्युत प्रकल्पासाठी त्याची जमीन घेतली आणि तिथला मार्ग जलाशयाखाली गेला. नुकसानभरपाईसाठीचा दावा वर्षानुवर्षे रेंगाळला, पण संस्था थांबली नाही. १९६५ ते १९७८ या काळात जलाशयाला वळसा घालणारा सुमारे चार किमी.चा नवा मार्ग डोंगरात खोदला गेला. थोड्या अंतरात उंची गाठण्यासाठी डुआल्ट येथे मार्ग स्वतःलाच ओलांडून जाईल असे चक्राकार वळण घेतले; पुढचा नवा बोगदा खोदायला खाणकामातले जाणकार आणावे लागले. १९८२ मध्ये गाडी ब्लेनाय फेस्टिनिऑग या मूळच्या शेवटच्या गावी पोचली. याला दुरुस्ती म्हणणे कमीपणाचे ठरेल. हा मुख्यतः फावड्याने बांधलेला नवाच रेल्वेमार्ग होता. ब्लूबेलच्या वाट्याला वेगळीच अडचण आली. ईस्ट ग्रिनस्टेडजवळची इम्बरहॉर्नची खोल कटिंग (मार्गासाठी जमीन खोदून केलेली खिंड) घरगुती कचऱ्याने भरून टाकलेली होती. तो कचरा मोठ्या प्रमाणावर रेल्वेनेच वाहून नेल्यावर २०१३ मध्ये गाडी तिथून पार गेली. इथे फावड्यापेक्षा देणगीदारांचा पैसा अधिक कामी आला.

जमिनीची मालकी हा तितकाच चिवट भाग. ओसाड दिसणाऱ्या मार्गालाही कुणीतरी मालक असतो आणि परवानगीविना त्यावर काम करणे अनेक देशांत गुन्हा ठरते. ब्रिटनमध्ये १८९६ च्या हलक्या रेल्वेविषयक कायद्याखाली आदेश मिळवून असे मार्ग ताशी २५ मैलांच्या (४० किमी.) मर्यादेत चालवले जात, नव्या योजनांसाठी १९९२ चा वाहतूक व बांधकाम कायदा लागू झाला. अमेरिकेत मार्ग रीतसर सोडून दिल्यावर पट्टा अनेकदा लगतच्या जमीनमालकांकडे परत जातो. १९८३ च्या दुरुस्तीने तो पायवाट म्हणून राखून भविष्यातील रेल्वेसाठी जपण्याची सोय केली. वाटा त्यामुळे वाचल्या. पण एकाच पट्ट्यावर सायकल हवी की गाडी, हा वादही जागोजागी उभा राहिला. न्यूयॉर्क राज्यातील ॲडिरॉनडॅक मार्गाची तडजोड अशी झाली, की टपर लेकपर्यंत रूळ दुरुस्त करायचे आणि तिथून लेक प्लॅसिडपर्यंतचे काढून वाट करायची.

गाडी सुरू झाली तरी रुळांवरचे काम संपत नाही. नव्या खडीवरचा मार्ग पहिल्या गाड्यांनी बसतो, तेव्हा पॅकिंग, म्हणजे स्लीपरखाली खडी दाबणे, पुन्हा करावे लागते. चर दरवर्षी भरतात, स्लीपर पुन्हा कुजतात. हे ओझे उचलणारे बरेच जण निवृत्त असल्याने तरुण हातांची टंचाई बहुतेक संस्थांना जाणवते. ब्रिटनमध्ये त्यात कायद्याची भर पडली: मुलांना कारखान्यांपासून दूर ठेवण्यासाठी केलेल्या १९२० च्या कायद्यात रेल्वेही येते, आणि शाळकरी वयाच्या मुलांना स्वयंसेवक म्हणून घेण्यात हा कायदा अडसर ठरतो, याकडे तेथील संसद सदस्यांच्या गटाने २०१८ मधील अहवालात लक्ष वेधले.