पेठांखालचं 'गुप्त भुयार'

'शनिवारवाड्यातून पेठांखालून सिंहगडापर्यंत गुप्त भुयार आहे', असं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. समज निराधार नाही: पाया खणताना जमिनीखाली विटा-दगडांची कमानदार वाट खरोखरच लागते. पण ती कात्रजच्या तलावाचं पाणी शहरात आणणारी, १८व्या शतकातली पेशवेकालीन नळयोजना आहे.

तिला पंप नव्हता, सगळं काम उताराचं. म्हणून कात्रजपासून शनिवारवाड्याकडे ती हळूहळू उतरत येते. मध्ये हवेसाठी आणि गाळ काढण्यासाठी उच्छ्वास, म्हणजे वर जमिनीकडे उघडणारी तोंडं, ठेवले. माणसाला आत उतरता यावं एवढी उंची तिला सफाईसाठीच दिली, आणि नेमकी तीच पाहून पळवाटेची शंका येते. पेठांमधले काळा हौद, बदामी हौद, फडके हौद याच पाण्यावर भरत.

पडताळायचं तर नकाशावर उंची बघा. शनिवारवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, सिंहगड १,३००च्या आसपास. म्हणजे २० किलोमीटर सलग काळा पाषाण फोडत साडेसातशे मीटर चढायचं, तेही श्वासापुरत्या हवेशिवाय.

खोदकामात अशी वाट दिसली तर चुन्याचा गिलावा, तळाचा गाळ आणि उताराची दिशा तपासा, पण वरूनच. अशा बंद वाटेत प्राणवायू कमी असू शकतो. आत उतरू नका.