तुम्ही सुचवलेलं गाणं कधीकधी का लागत नाही?

आमच्या इनडोअर सायकलिंग क्लासच्या दाराशी ठेवलेल्या वहीत तुम्ही गाणी लिहून जाता आणि आठवड्याने विचारता, "अजून लावलं नाहीत?" आमचं त्या गाण्याशी वाकडं नाही. ते पायाला बसत नाही, एवढंच.

हिशेब सोपा आहे. एका ठोक्याला एक पाय खाली, पुढच्या ठोक्याला दुसरा. म्हणजे पेडलच्या एका फेरीत दोन ठोके. मिनिटाला 128 ठोक्यांच्या गाण्यावर 64 फेऱ्या होतात. पेडल जड करणारा नॉब घट्ट करून चढ चढायला ही चाल झकास. सपाट रस्त्याला मात्र 80 ते 100 फेऱ्या लागतात. तेव्हा आम्ही 85-95 ठोक्यांचं गाणं घेतो आणि ठोक्याला फक्त उजवा पाय मोजतो. त्यामुळे ऐकायला संथ असलेलं गाणं तुम्हाला सगळ्यात जास्त पळवतं.

घोळ होतो तो 110 च्या आसपास, आणि वरातीत वाजणारी कितीतरी गाणी नेमकी तिथेच सापडतात. ठोक्याला एक पाय टाकला तर 55 फेऱ्या, जड नॉबवर गुडघे कुरकुरणार. दुप्पट पळालात तर 110, मग नवखा माणूस सीटवर उड्या मारू लागतो.

कोळीगीतं आम्हाला लाडकी. सहा मात्रांचा ठेका, तीन-तीनचे दोन झोके, एका झोक्याला एक पाय; उभं राहून चालवताना अंग आपोआप डुलतं. ढोलताशाचं तसं नाही. तो हळूहळू चढत जातो, म्हणून शेवटच्या दोन मिनिटांपुरताच. जुन्या गाण्यांत वादकांची लय किंचित मागेपुढे होते. कानाला ते गोड लागतं, पण पाय चुकतात. ती शेवटी, अंग ताणताना.

आवाजाबद्दल. मागच्या रांगेत मीटर धरून आम्ही तो 85 डेसिबलच्या आत ठेवतो. 85 ला कानांना दिवसाचे आठ तास चालतात. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे 94 ला जेमतेम तासभर. तुमचा क्लास 45 मिनिटांचा असतो, आमचे ट्रेनर दिवसभर इथेच असतात. सकाळी सहाच्या बॅचला बेस कमी असतो, कारण वरच्या मजल्यावर माणसं झोपलेली असतात. मुंबईतल्या इमारतीत बेस स्लॅबमधून थेट उशीखाली जातो.

आणि कृपया स्वतःचा फोन स्पीकरला जोडू नका. ॲपचं तुमचं खातं घरी ऐकण्यासाठी आहे. इथे वाजवणं म्हणजे 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार सार्वजनिक वादन, त्याला वेगळा परवाना लागतो.

गाणं सुचवताना 15 सेकंदांतले ठोके मोजा, चाराने गुणा आणि आकडा नावाशेजारी लिहा. वही दाराशी, कूलरजवळ आहे. पेनाला दोरा बांधलाय, तो तेवढा तोडू नका.