नॉर्स विश्वरचना

नॉर्स विश्वरचना : ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि आइसलँड या प्रदेशांत रूढ असलेली विश्वाची कल्पना. देव, माणसे, योटुन (महाकाय), आल्फ (एल्फ, यक्षांसारखे अतिमानवी जीव), बुटके कारागीर आणि मृत यांच्या वेगवेगळ्या वस्त्या, त्यांना सांधणारा इग्द्रासिल हा महावृक्ष आणि रॅग्नारॉक या युद्धात होणारा या साऱ्याचा विनाश, असा तिचा ढोबळ आराखडा आहे.

ढोबळ म्हणण्याचे कारण साधनांमध्ये आहे. आइसलँडने इ. स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि या कथा लेखी उतरल्या त्या त्यानंतर दोनेकशे वर्षांनी. आइसलँडचा कवी, इतिहासकार आणि राजकारणी स्नॉरी स्टर्लुसन याने १२२० च्या सुमारास आपला ‘एड्डा’ रचला. जुनी कविता समजायची तर जुन्या देवांच्या कथा ठाऊक हव्यात, म्हणून नवोदित कवींसाठी त्याने त्या सुसंगत गद्यात मांडल्या. १२४१ मध्ये राजकीय वैरातून त्याची हत्या झाली. दुसरे साधन पौराणिक काव्यांचे. त्यांची प्रमुख पोथी ‘कोडेक्स रेगियस’ साधारण १२७० च्या सुमाराची. १६४३ मध्ये ती बिशप ब्रिन्योल्फुर स्वेन्सन यांच्या हाती आली, १६६२ मध्ये डेन्मार्कच्या राजाकडे गेली आणि १९७१ मध्ये आइसलँडला परत मिळाली. त्यातील ‘व्होलुस्पा’, ‘वाफ्थ्रुद्निस्माल’ आणि ‘ग्रिम्निस्माल’ ही तीन काव्ये विश्वरचनेसाठी सर्वांत महत्त्वाची. स्नॉरीने ती वापरली, जोडली, जिथे विसंगती होती तिथे मिटवली. आज आपल्याला नीटनेटके वाटणारे नॉर्स विश्व बरेचसे त्याच्या हातचे आहे.

‘नऊ जगां’चे उदाहरण घ्यावे. ‘व्होलुस्पा’तील भविष्यवादिनी आपल्याला नऊ जगे आठवतात असे म्हणते, ‘वाफ्थ्रुद्निस्माल’मधला योटुनही नऊ जगे हिंडल्याचे सांगतो. पण ती नऊ कोणती, याची यादी एकाही जुन्या ग्रंथात नाही. आसगार्ड, वानाहाइम, आल्फहाइम, मिडगार्ड, योटुनहाइम, मुस्पेल्सहाइम, निफ्लहाइम, स्वार्ताल्फहाइम आणि हेल ही आजची प्रचलित यादी अलीकडच्या अभ्यासकांनी नावे वेचून तयार केली आहे. त्यातले निफ्लहाइम आणि स्वार्ताल्फहाइम केवळ स्नॉरीकडे भेटतात. उलट ‘ग्रिम्निस्माल’मध्ये देवांची डझनभर निवासस्थाने येतात आणि थ्रुदहाइम, थ्रिम्हाइम अशा त्यातल्या काही नावांतही ‘हाइम’ (घर, मुलूख) आहेच. ती मात्र यादीबाहेर राहिली. शिवाय नऊ हा आकडा या परंपरेत जागोजागी भेटतो. देवांचा प्रमुख ओदिन नऊ रात्री झाडाला लटकतो, देवांचा पहारेकरी हाइमदालला नऊ माता आहेत, महासर्पाच्या विषाने मरताना गडगडाटाचा देव थोर नऊ पावले चालतो. तेव्हा ‘नऊ जगे’ ही मोजदाद नसून ‘सगळीच्या सगळी जगे’ असा अर्थ असण्याची शक्यता अधिक. वर-मध्ये-खाली तीन-तीन जगे दाखवणाऱ्या रंगीत आकृत्या म्हणूनच जपून पाहाव्यात.

उत्पत्तीची कथा स्नॉरीने सविस्तर दिली आहे. आरंभी गिन्नुंगागाप ही अथांग पोकळी होती. तिच्या उत्तरेला निफ्लहाइमचे धुके आणि हिम, दक्षिणेला मुस्पेलची आग. दोन्ही भिडल्या तिथे हिम वितळले आणि थेंबांतून यीमिर हा पहिला योटुन जन्मला. औधुम्ला या गाईच्या दुधावर तो जगला. ही गाय खारट हिम चाटत राहिली आणि त्यातून देवांचा पूर्वज बुरी बाहेर आला. बुरीचा मुलगा बोर, बोरचे मुलगे ओदिन, विली आणि वे. या तिघांनी यीमिरला ठार मारून त्याच्या मांसाची जमीन, रक्ताचा समुद्र, हाडांचे डोंगर, केसांची झाडे, कवटीचे आकाश आणि मेंदूचे ढग केले. पापण्यांपासून माणसांसाठी मिडगार्डचे कुंपण घातले.

ऋग्वेदातील पुरुषसूक्त (१०.९०) माहीत असलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. तुलनात्मक अभ्यासक दोन्हींचा माग एका प्राचीन इंडो-युरोपीय कथेपर्यंत नेतात. यीमिर आणि यम ही नावेही एकाच मूळची मानली जातात. पण दोन्ही कथांचा भाव वेगळा आहे. पुरुषसूक्तात देवांनी केलेला यज्ञ आहे, त्यातून ऋचा आणि सामे निर्माण होतात. यीमिरची कथा सरळ हत्येची आहे, आणि तीही नात्यातली, कारण ओदिनची आई बेस्त्ला योटुनकुळातलीच. यीमिरच्या रक्ताच्या पुरात बेर्गेल्मिर हा एक योटुन आणि त्याचे कुटुंब तेवढे वाचले. देव आणि योटुन यांचे वैर विश्वाच्या पायातच आहे.

विश्वाच्या मध्यभागी इग्द्रासिल हा अ‍ॅश जातीचा वृक्ष. त्याला तीन मुळे. ती कुठे जातात याबाबत साधनांत एकमत नाही : ‘ग्रिम्निस्माल’नुसार एकाखाली हेल, दुसऱ्याखाली हिमयोटुन, तिसऱ्याखाली माणसे, स्नॉरीनुसार एक देवांकडे, एक हिमयोटुनांकडे, एक निफ्लहाइमकडे. मुळांशी झरे आहेत. उर्दच्या झऱ्याशी देव रोज न्यायनिवाड्याला जमतात, आणि तिथेच उर्द, वेर्दांदी आणि स्कुल्द या नॉर्न (भाग्यदेवता) माणसांचे भाग्य ठरवतात. मीमिरच्या झऱ्यात ज्ञान आहे. एका घोटासाठी ओदिनने स्वतःचा डोळा दिला. ह्वेर्गेल्मिर या तिसऱ्या झऱ्यातून नद्या उगम पावतात.

हे झाड अजिबात सुखात नाही. चार हरणे त्याचा पाला खातात, एका बाजूने खोड कुजते आहे, खाली नीदहोग हा सर्प मूळ कुरतडतो. शेंड्यावरचा गरुड आणि बुडाशी असलेला नीदहोग यांच्यात चहाड्या पोहोचवायला रातातोस्क ही खार दिवसभर वर-खाली पळत असते. नॉर्न झऱ्याचे पाणी आणि पांढरा चिखल शिंपून झाड कसेबसे टिकवतात. विश्वाचा आधारच सतत झिजणारा आणि रोजच्या निगराणीवर जगणारा आहे, ही कल्पना मला या विश्वरचनेत सर्वांत वेगळी वाटते.

उभ्या झाडाबरोबर एक आडवी मांडणीही आहे. मध्ये मिडगार्ड, भोवती समुद्र, त्यात स्वतःची शेपटी तोंडात धरलेला योर्मुंगांद हा महासर्प, आणि पलीकडे योटुनांचा मुलूख. एकाकी शेतवाड्यांवर राहणाऱ्या लोकांना कुंपणाच्या आतले आणि बाहेरचे हा भेद रोजचाच होता. तरी सीमा पक्की नाही. थोर पूर्वेला योटुन मारायला जातो, पण त्याची आई योर्द आणि मित्र एगिर दोघेही योटुनांत गणले जातात. देव-योटुन लग्ने तर अनेक.

मृतांची सोयही एका ठिकाणी नाही. रणात पडलेल्यांपैकी निम्मे फ्रेया या देवीच्या फोल्कवांगात जातात, उरलेले ओदिनच्या वाल्हाला या दालनात. आजच्या लोकप्रिय सांगण्यात फ्रेयाचा वाटा बहुधा गळतो. वाल्हालाला ५४० दारे आणि प्रत्येकातून एका वेळी ८०० वीर बाहेर पडतील, असे ‘ग्रिम्निस्माल’ सांगते. गुणाकार ४,३२,००० येतो, कलियुगाच्या वर्षांइतकाच, आणि त्यावरून बरेच तर्क लढवले जातात. पण जुन्या नॉर्समध्ये ‘शंभर’ बहुधा १२० चे असे. त्या हिशेबाने ६४० दारे आणि ९६० वीर होतात, आणि जुळणी संपते.

आजाराने वा म्हातारपणाने मेलेले लोकी या कपटी देवाची मुलगी हेल हिच्या, तिच्याच नावाच्या घरी जातात. हे शिक्षेचे ठिकाण नाही. देवांचा लाडका बाल्दरही तिथेच आहे. शपथ मोडणारे आणि खुनी ज्या नास्त्रोंद किनाऱ्यावर विषाच्या प्रवाहांतून चालतात, त्यात काही अभ्यासकांना ख्रिस्ती नरकाची छाया दिसते.

रॅग्नारॉकपूर्वी मध्ये उन्हाळा न येता सलग तीन हिवाळे पडतात. ५३६ साली ज्वालामुखीच्या राखेने सूर्य झाकोळला आणि उत्तरेत पिके बुडाली. ती आठवण या कथेत राहिली असावी असे काही पुरातत्त्वज्ञ मानतात. मग लांडगा सूर्य गिळतो, फेन्रिर हा महालांडगा ओदिनला मारतो, थोर आणि महासर्प एकमेकांना संपवतात, मुस्पेलचा अग्नियोटुन सुर्त्र सारे जाळतो. त्यानंतर समुद्रातून हिरवी जमीन पुन्हा वर येते. वाचलेल्या देवांना गवतात जुन्या सोन्याच्या सोंगट्या सापडतात, बाल्दर परततो, आणि लीफ व लीफथ्रासिर हे लपून राहिलेले जोडपे माणसांचा वंश चालवते.

हा पुनर्जन्म मूळचा की ख्रिस्ती प्रभावातला, हा वाद मिटलेला नाही. इंग्लंडमधील कंब्रिया येथील गॉस्फोर्थ क्रूस दहाव्या शतकातला आहे. त्याच्या एका बाजूला ख्रिस्ताचे क्रूसारोहण कोरले आहे, तर दुसरीकडे श्वापदाचा जबडा फाडणारी आकृती, जी बहुतेक अभ्यासक बापाचा सूड घेणारा ओदिनपुत्र विदार मानतात. स्नॉरीच्या तीनशे वर्षे आधीच ही दोन्ही चित्रे एका दगडावर नांदत होती.