एर्ब पक्षाघात, प्रसूतिजन्य

बाळंतपणात बाळाची मान आणि खांदा एकमेकांपासून ताणले गेल्याने मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याला इजा होऊन हात लुळा पडणे. ब्रेकियल प्लेक्सस नावाचे हे जाळे मज्जारज्जूतून निघणाऱ्या पाच मुळांपासून बनते: मानेच्या पाचव्या (सी-५) पासून छातीच्या पहिल्या (टी-१) मुळापर्यंत. वरच्या सी-५ व सी-६ मुळांच्या इजेला एर्ब, तर खालच्या सी-८ व टी-१ मुळांच्या इजेला क्लुम्प्के पक्षाघात म्हणतात. केवळ खालच्या मुळांची इजा नवजातात विरळाच.

लुळा हात अंगाशी पडलेला व आत वळलेला असतो. कोपर सरळ, मनगट दुमडलेले आणि तळवा मागच्या बाजूला असतो. बाळ दचकले की दुसरा हात उचलला जातो, हा जागचा हलत नाही. मूठ मात्र वळते. मूठही वळत नसेल आणि त्याच बाजूची पापणी झुकून बाहुली बारीक दिसत असेल, तर टी-१ मूळ मज्जारज्जूपासून उपटले गेल्याची शंका घ्यावी. गळपट्टीचे हाड मोडले असले तरी बाळ दुखऱ्या हाताला हलवत नाही, म्हणून क्ष-किरण तपासणी करतात.

पहिली नोंद सामान्यतः स्कॉटिश प्रसूतितज्ज्ञ विल्यम स्मेली यांच्याकडे जाते. ती १७६० च्या दशकातली असून नेमक्या वर्षाबद्दल संदर्भांत एकवाक्यता नाही. चेहरा पुढे करून जन्मलेल्या त्या बाळाचे दोन्ही हात लुळे होते व काही दिवसांत सुधारले. ‘प्रसूतिजन्य पक्षाघात’ हे नाव फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ द्युशेन यांनी दिले. कोणी ते त्यांच्या ग्रंथाच्या १८६१ च्या, तर बहुतेक १८७२ च्या आवृत्तीला जोडतात. जर्मन मज्जाविकारतज्ज्ञ एर्ब यांनी १८७४ मध्ये विद्युत उत्तेजनाने सी-५ व सी-६ जुळतात ते ठिकाण दाखवले, पण त्यांचे रुग्ण मुख्यतः प्रौढ होते. म्हणजे बाळांच्या संदर्भात नावाचा मान द्युशेन यांना अधिक शोभला असता. ऑगस्टा क्लुम्प्के यांचे वर्णन १८८५ चे.

खरा वाद कारणाचा आहे. डोके बाहेर आल्यावर पुढचा खांदा आईच्या जघनास्थीमागे (ओटीपोटाच्या खालच्या टोकाचे पुढचे हाड) अडकतो. अशा वेळी डोके खाली ओढले की मान-खांद्याचा कोन उघडतो व वरची मुळे ताणली जातात, हे जुने स्पष्टीकरण. अमेरिकी स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेच्या (एसीओजी) २०१४ च्या अहवालाने आईच्या कळांचा जोरही एकटा ही इजा करू शकतो, असे मांडले. आधार म्हणून मागच्या खांद्याच्या, तसेच सिझेरियननंतरच्या इजा दाखवल्या जातात. टीकाकारांचे म्हणणे असे की कागदावर ‘खांदा अडकला’ असे लिहिलेले नसणे म्हणजे तो अडकलाच नव्हता असे नव्हे. दोन्ही जोर एकत्र काम करतात, हे मत अधिक सयुक्तिक वाटते; त्यातला टाळता येण्याजोगा भाग ओढण्याचा.

बाळाचे वजन ४ किलोहून जास्त असणे, आईचा मधुमेह, आधीच्या बाळंतपणात खांदा अडकणे, चिमटा (फोर्सेप्स) वा व्हॅक्यूमचा वापर ही जोखमीची कारणे. तरीही अडकण्याच्या जवळपास निम्म्या घटना ४ किलोंखालच्या बाळांत घडतात. त्यामुळे भाकितापेक्षा तयारीच उपयोगी. बाहेर आलेले डोके पुन्हा आत ओढले गेल्यासारखे गालांपर्यंत रुतले, की ओढणे थांबवून मदत बोलवावी व वेळ नोंदवावी. आईच्या मांड्या पोटाकडे पूर्ण दुमडतात. सोबत दुसरी व्यक्ती जघनास्थीच्या वर, बाळाच्या पाठीच्या बाजूने तिरका दाब देते. न जमल्यास हात आत घालून खांदे फिरवणे, मागचा हात छातीवरून ओढून काढणे किंवा आईला हात व गुडघे टेकवून ओणवे करणे हे उपाय. गर्भाशयाच्या माथ्यावर दाब देऊ नये. खांदा हाडावर आणखी घट्ट बसतो व गर्भाशय फाटू शकते. केसपेपरवर नुसते ‘पोटावर दाब दिला’ असे लिहिले की यांतला कोणता दाब, हेच पुढे कळत नाही.

बहुतेक बाळे सुधारतात. सुरुवातीपासून सांधे हलते ठेवणारे व्यायाम देतात. तुटलेला तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. तिसऱ्या महिन्यापर्यंत कोपर दुमडू लागले नाही, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. काही केंद्रे आणखी थांबतात. पोटरीतील संवेदी तंतूचा तुकडा जोडणे ही रूढ पद्धत.

नुकसानभरपाईच्या दाव्यांत लुळा हात हा आपोआप निष्काळजीपणाचा पुरावा ठरत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने बोलम कसोटी स्वीकारली: त्या शाखेतील सामान्य कौशल्याच्या डॉक्टरने काय केले असते? फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो. म्हणून डोके व धड बाहेर येण्याच्या वेळा, पुढे कोणता खांदा होता, कोणते उपाय कोणत्या क्रमाने केले, या नोंदींवर निकाल झुकतो. पुढे उजवा खांदा असताना डावा, म्हणजे मागच्या खांद्याचा, हात लुळा असेल, तर खाली ओढल्याचा आरोप सिद्ध करणे अवघड जाते. तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार कागदपत्रे मागणीनंतर ७२ तासांत द्यावी लागतात. संमतीबाबत ब्रिटनमधील माँटगोमेरी निकाल (२०१५) याच विषयातला: मधुमेही आईला खांदा अडकण्याची जोखीम सांगितली नव्हती.

ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षे. सबळ कारण असल्यास उशीर माफ होऊ शकतो. आई-वडील व बाळ दोघेही ग्राहक ठरतात, हे १९९८ च्या स्प्रिंग मेडोज निकालाने मान्य केले. सर्वांनाच पूर्ण मोफत सेवा देणारी रुग्णालये १९९५ च्या शांता निकालानुसार ग्राहक संरक्षण कायद्याबाहेर राहतात. तिथे दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो.